पहिल्या वर्षाचा अनुभव आणायचा कुठून? (सोलापूर, आयटी)

पूर्वभागी | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथं नुसतं वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ.

मी अशोक चौकाजवळ राहतो. बीएस्सी ईसीएस (एंटायर कॉम्प्युटर सायन्स), सोलापूर विद्यापीठ, २०२४ ला पास, ६८ टक्के. वडील यंत्रमागावर आहेत, आई विड्या वळते. पास झाल्यावर पुण्यात राहून सहा महिने जावाचा क्लास केला. फी ४५ हजार, त्यातले ३० आईच्या भिशीतले. 'नोकरीची हमी' म्हणून सांगितलं होतं. ती हमी म्हणजे ग्रुपवर रोज पाच-सहा वॉक-इनचे, म्हणजे थेट मुलाखतींचे मेसेज. प्रत्येक मेसेजच्या खाली तेच, अनुभव १ ते २ वर्षे.

खराडी, हिंजवडी, मगरपट्टा सगळीकडे जाऊन आलो. एका ठिकाणी सकाळी आठपासून रांगेत होतो. दुपारी दोनला बायोडाटा घेतला, 'फ्रेशर?' विचारलं आणि वेगळ्या गठ्ठ्यात ठेवला. त्या गठ्ठ्याचं पुढं काय झालं कळलं नाही.

आता खरी गोष्ट. क्लासमधल्या एका मुलानं एक नंबर दिलाय. ७० हजारांत दोन वर्षांचं अनुभवाचं पत्र, पगाराच्या स्लिपा, सगळं मिळतं म्हणे. त्याच मार्गानं तिघं लागले असं सांगतो. तो माणूस शुक्रवारपर्यंत थांबणार आहे. घरी अजून बोललेलो नाही. आईला मागितले तर ती कुठून तरी आणेल, हेच मला नको वाटतंय.

दोनच प्रश्न. हे पत्र घ्यावं का? आणि नाही घ्यायचं, तर पहिल्या वर्षाचा अनुभव आणायचा कुठून?

---

होटगीकर | सोमवार, रात्री १०:५२

नको बे! अजिबात नको. शुक्रवार येऊ दे, जाऊ दे, फोनच उचलू नको.

---

सातरस्ता | सोमवार, रात्री ११:३०

मित्रा, मी चौदा वर्षं पुण्यात आहे, त्यातली सहा वर्षं मुलाखती घेतोय. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पत्राचं. मुलाखतीत निवड झाली की कंपनी पार्श्वभूमी तपासणी करते, बहुतेक वेळा बाहेरच्या एजन्सीकडून. पत्रावर शिक्का आहे का एवढंच बघायचे दिवस गेले. आता पीएफचा यूएएन नंबर मागतात. तुझ्या यूएएनखाली कुठल्या कंपनीनं कधीपासून कधीपर्यंत पैसे भरले, तो सेवा-इतिहास ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ कार्यालयाच्या साइटवर दिसतो. दोन वर्षं नोकरी केली म्हणायची आणि पीएफची एकही नोंद नाही, की पहिली शंका तिथंच येते. मग पगार खात्याचं बँक स्टेटमेंट मागतात, करकपात दाखवणारा फॉर्म २६एएस मागतात. हे विकणारे लोक यावर पण 'सोय' सांगतात, पण सोय जितकी वाढवशील तितकं पाणी खोल जातं. हे कागदपत्र खोटं करणं आहे, तो गुन्हा आहे. आणि सहीच्या जागी तुझं नाव असतं, त्या माणसाचं नसतं.

दुसरं कोणी सांगत नाही ते सांगतो. समजा तपासणीतून सुटलास. तरी दोन वर्षांचा माणूस म्हणून घेतल्यावर पहिल्या सोमवारी तुला दोन वर्षांच्या माणसाचं काम मिळणार. फ्रेशरला 'हे येत नाही, शिकवा' म्हणायची मुभा असते. खोटा अनुभव दाखवणाऱ्याला ती नसते. त्याला रात्री खोलीवर कोणाला तरी पैसे देऊन आपलं काम करून घ्यावं लागतं. असे मुलगे मी पाहिलेत.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर उद्या लिहितो. त्याचं उत्तर मोठं आहे.

---

मंगळवेढेकर | मंगळवार, सकाळी ७:१५

मी घेतलं होतं ते पत्र. २०२१ मध्ये. इथं कोणी ओळखत नाही म्हणून लिहितोय.

५५ हजार दिले. नोकरी लागली, चार महिने केली. पाचव्या महिन्यात तपासणीचा अहवाल आला. सकाळी लॉगिन झालं नाही. दहा वाजता एचआरचा फोन, अकरा वाजता मी गेटबाहेर, हातात नुसता डबा. त्या चार महिन्यांचं पत्र मिळालं नाही. वाईट म्हणजे ते चार महिने मी खरंच काम केलं होतं आणि चांगलं केलं होतं. ते आता कुठं दाखवता येत नाही.

त्यानंतर दोन वर्षं गावात ज्वारी आणि दुकान. आता एका पतसंस्थेत संगणकाचं बघतो, सगळं खरं सांगून लागलोय. दादा, तू माझ्यापेक्षा लहान आहेस, अजून काही बिघडलेलं नाही. आईची भिशी त्या माणसाला देऊ नको.

---

कंबरतलाव | मंगळवार, सकाळी ९:०५

पत्र नको यावर सगळ्यांचं एकमत आहेच. पण 'स्किल वाढव, नोकरी मिळेल' हे जे पुढं येणार आहे त्याला माझा आधीच विरोध आहे. मी २०२५ चा बीई, सोलापूरच्याच कॉलेजचा. पहिली नोकरी स्किलवर नाही, खिडकीवर मिळते. खिडकी उघडी असताना तिथं उभं राहावं लागतं.

टीसीएसची भरतीसाठीची एनक्यूटी परीक्षा आहे. बीसीए-बीएस्सीवाल्यांसाठी विप्रोची विल्प योजना आहे, त्यात नोकरी करत करत एमटेक होतं. बारावीनंतर लगेच घेणारी एचसीएलची टेकबी आहे. या सगळ्यांना बहुतेक त्या-त्या वर्षी पास झालेलीच मुलं लागतात. काही ठिकाणी दहावी-बारावीपासून ठरावीक टक्के लागतात, आणि रुजू व्हायच्या आधी एटीकेटी (राहिलेले विषय) सुटलेली लागते. अंतिम वर्षाच्या मुलांना हे माहीतच नसतं. सबमिशन, मग परीक्षा, मग गावची जत्रा, मग 'आता बघू'. तोवर खिडकी बंद.

आणि या परीक्षांत जावा नंतर येतं. आधी काळ-काम-वेग, टक्केवारी, आकृत्यांचे क्रम, इंग्रजी उतारे. मी तीन महिने रोज दोन तास फक्त गणितं केली. कोडिंग त्याच्या निम्मं.

पूर्वभागी, तू २०२४ चा. तुझ्यासाठी ही खिडकी अरुंद झाली आहे, खोटं कशाला सांगू. पण हे वाचणारी २०२६-२७ ची पोरं असतील तर त्यांनी आजच कामाला लागावं.

---

होटगीकर | मंगळवार, सकाळी ९:२०

गड्ड्याची जत्रा मात्र सोडायची नाही, एवढं सांगून ठेवतो. जानेवारीतल्या तेवढ्या दिवसांत विप्रोनं परीक्षा ठेवली तर सिद्धरामेश्वरच बघून घेईल.

---

काटापावती | मंगळवार, दुपारी १:४०

कंबरतलाव यांचं म्हणणं मोठ्या कंपन्यांपुरतं खरं आहे. आमच्यासारख्यांची पहिली नोकरी खिडकीतून आलीच नाही, मागच्या दारानं आली. माझी कशी आली ते सांगतो. जरा लांबण लागेल.

बीसीए करून वर्षभर घरी होतो. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती आहेत ते सांगायला नको. गळीत हंगाम सुरू झाला की काट्यावर हंगामी संगणक ऑपरेटर लागतात. मामांनी चिकटवलं. पगार नऊ हजार, पाळी आठ तासांची, रात्रपाळी जास्त. मित्र म्हणाले, हे काय आयटीतलं काम आहे का. मलाही तसंच वाटत होतं.

काम असं. उसाची भरगाडी काट्यावर येते, वजनाचा आकडा इंडिकेटरवरून केबलनं संगणकात येतो. आपण गाडी नंबर आणि शेतकऱ्याचा कोड टाकायचा. गाडी गव्हाणीकडे जाते, ऊस खाली करून रिकामी परत येते, दुसरं वजन. वजाबाकी झाली की पावती. त्या पावतीवर शेतकऱ्याचं बिल.

डिसेंबरात एका शेतकऱ्याच्या खात्यावर एकच खेप दोनदा दिसली. मग आणखी एकाच्या. सगळे म्हणाले ऑपरेटर झोपेत दोनदा टाकतो. आळ आमच्यावर. मी एक वही केली. जेव्हा-जेव्हा दुबार नोंद सापडे, तेव्हा ती कुठल्या पाळीतली, किती वाजताची, तेव्हा काय घडलं होतं, सगळं लिहायचं. अकरा नोंदी झाल्यावर दिसलं की प्रत्येक वेळी त्याच्या आसपास प्रिंटरचा कागद संपलेला किंवा अडकलेला. म्हणजे पावती अर्धवट निघायची, ऑपरेटर कागद घालून पुन्हा प्रिंटचं बटण दाबायचा, आणि तो प्रोग्रॅम जुनीच पावती छापायच्या ऐवजी नवीन क्रमांकाची नवीन नोंद करायचा. मी मुद्दाम कागद काढून दिवसाढवळ्या सगळ्यांसमोर करून दाखवलं. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लागला, त्यांनी आठवड्यात 'पुनर्छपाई' असं वेगळं बटण दिलं.

हंगाम संपला, मी पुण्यात मुलाखतीला गेलो. सॉफ्टवेअर सपोर्टची जागा होती. 'अनुभव?' म्हणाले. मी काटा सांगितला, वही दाखवली. खरीखुरी वही, उसाच्या चिकट्यानं डागाळलेली. समोरचे सर पंचवीस मिनिटं फक्त त्याच वहीवर बोलत होते. शेवटी म्हणाले, आमच्याकडे तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद आली की हेच करायचं असतं. मला घेतलं.

आज सहा वर्षं झाली. पूर्वभागी, अनुभव म्हणजे कंपनीच्या गेटमधून आत गेल्यावरच मिळतो असं नाही. कोणाचं तरी खरं काम, खरी अडचण, आणि ती तू कशी सोडवलीस ते सांगता येणं, हा पण अनुभवच.

---

शेंगाचटणी | मंगळवार, दुपारी २:१०

काटापावती दादा, मी टेस्टर आहे आणि तुमचा हा प्रतिसाद आमच्या टीममधल्या नव्या मुलींना वाचून दाखवणार आहे. काय केल्यावर बिघडतं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं. डिफेक्ट लिहिणं म्हणजे एवढंच. तुम्ही ते उसाच्या काट्यावर कोणी न शिकवता केलंत.

---

गिरणीचा_भोंगा | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

मी आयटीतला नाही. वय ६६. मुलगा-सून पुण्यात आयटीत आहेत म्हणून हे वाचत असतो.

माझे वडील गिरणीत लागले ते बदली म्हणून. आजच्या मुलांना बदली म्हणजे ट्रान्स्फर वाटेल. तसं नाही. पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कोणी आला नाही तर जॉबर, म्हणजे कामगार लावणारा मुकादम, बदलीवाल्यांतून बोलावणार. कधी काम मिळे, कधी तसंच घरी परत. वडील सांगायचे, ज्या दिवशी आत जायला मिळे त्या दिवशी आपल्या मागाबरोबर शेजारचा माग पण बघून घ्यायचा. धागा तुटला तर जुना कामगार गाठ कशी मारतो, कांडी कशी बदलतो. मग एक दिवस कोणी तरी कायमचा गेला, आणि जॉबरनं बदलीतल्या त्या माणसाचं नाव घेतलं ज्याला दोन्ही माग येत होते.

माझा मुलगा पण आधी कंत्राटावर लागला, दुसऱ्याच कंपनीच्या पगारपत्रकावर. तेव्हा मी त्याला हेच सांगितलं. बाळा, बदली म्हणून का होईना, गेटच्या आत जा.

---

सातरस्ता | मंगळवार, रात्री ९:४५

काका, तुमच्या वडिलांची गोष्ट मनात राहील. तरी एक भर घालतो, कारण आजच्या बदलीत फसगत पण आहे.

कंत्राटी नोकरी घेताना तीन गोष्टी बघाव्यात. पीएफ कापतात का, नेमणूकपत्र मिळतं का, आणि मूळ कागदपत्रं ठेवून घेतात का. पदवीचं मूळ प्रमाणपत्र मागणाऱ्याकडे जाऊच नये. नोकरीसाठी जो आधी पैसे मागतो, मग ते नोंदणी म्हणून असोत की लॅपटॉपची अनामत म्हणून, तो नोकरी देत नसतो. असे ऑनलाइन पैसे गेलेच तर १९३० ला लगेच फोन करावा, जितक्या लवकर तितकं बरं.

आता राहिलेलं उत्तर. फ्रेशरचा बायोडाटा माझ्यासमोर येतो तेव्हा त्यावर 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम' असतं. दहांतल्या सात जणांच्या कागदावर. मी विचारतो, कुठल्या ग्रंथालयासाठी केलं? गप्प. एकाच सदस्यानं पुस्तक दोनदा मागितलं तर? गप्प. ते ग्रंथालय कधी नव्हतंच, म्हणून त्याला प्रश्न पण पडले नाहीत. त्याच जागी एखाद्या खऱ्या दुकानाची उधारीची वही असती तर मुलगा अर्धा तास बोलला असता. म्हणून, पूर्वभागी, एक खरा माणूस शोध ज्याला तुझ्या कामाची गरज आहे.

आणि एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, पक्कं कर. जावाच्या आधी एसक्यूएल. दोन टेबलं जोडणं, लेफ्ट जॉइन आणि इनर जॉइनमधला फरक, ग्रुप बाय, यादीतला दुसऱ्या क्रमांकाचा मोठा पगार शोधणं. सपोर्टला जा, टेस्टिंगला जा, डेव्हलपमेंटला जा, हे सगळीकडे विचारतात.

---

बार्शीची_लेक | बुधवार, सकाळी ८:००

हेल्पडेस्कबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी बीकॉम आहे, आयटीची पदवीसुद्धा नाही. सर्व्हिस डेस्कवर एल-वन, म्हणजे पहिल्या पायरीवर लागले. पासवर्ड विसरला, व्हीपीएन जोडत नाही, आउटलुक उघडत नाही, असले फोन. एका पाळीत तीस-चाळीस तिकिटं. पहिल्या महिन्यात रोज रडू यायचं, कारण समोरचा माणूस चिडूनच बोलतो. दुसऱ्या महिन्यापासून कळायला लागलं की तो माझ्यावर चिडलेला नाही, त्याचं काम अडलंय.

दीड वर्षात नेटवर्कचं शिकले, अंतर्गत जागा निघाली तेव्हा अर्ज केला, आता नेटवर्क टीममध्ये आहे.

मुलींसाठी एक. रात्रपाळी असते. घरच्यांना मी आधी कॅबची व्यवस्था दाखवली, आईला एकदा खोलीवर आणून दोन दिवस ठेवलं. तिनं रात्री साडेदहाला कॅब येताना आणि सकाळी सोडताना स्वतः बघितलं, मग तिचा जीव भांड्यात पडला.

इंग्रजीची भीती सगळ्यांनाच असते. मी मराठी शाळेतली. रोज एक तिकीट मोठ्यानं इंग्रजीत वाचायचे, आरशासमोर नाही, फोनवर रेकॉर्ड करून. आपलंच ऐकलं की चूक कळते.

---

शेंगाचटणी | बुधवार, सकाळी ८:३०

आणि आपल्या सोलापूरकरांकडे एक गोष्ट आहे जी आपण बायोडाट्यात लिहीत नाही. मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी. माझी मैत्रीण साखर पेठेतली, घरी तेलुगू. हैदराबादच्या टीमशी तिचं दोन दिवसांत जमलं, आम्ही महिनाभर ईमेल लिहीत बसलो होतो.

---

होटगीकर | बुधवार, सकाळी ८:४२

मैत्रिणीनं हैदराबादला शेंगाचटणी पाठवली असणार, म्हणून जमलं.

---

कंबरतलाव | बुधवार, सकाळी १०:१५

सगळं पटतंय, पण एक कोणी बोलत नाही. चॅटजीपीटी आल्यापासून फ्रेशरची कामंच कमी झाली. २०२२ च्या शेवटी ते आलं, तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. आमच्या सीनियरांना ज्या संख्येनं ऑफर मिळत होत्या तशा आम्हाला नाही मिळाल्या. २०२५ च्या जुलैत टीसीएसनं बारा हजारांवर लोक कमी करायचं जाहीर केलं. अशा वेळी हंगामी काट्यावर काम कर म्हणणं ठीक आहे, पण पुढं?

---

सातरस्ता | बुधवार, दुपारी १२:००

कंबरतलाव, काळजी खरी आहे. टीसीएसच्या त्या घोषणेत मधल्या आणि वरच्या फळीतले लोक जास्त होते, पण धक्का सगळ्यांना बसला. फ्रेशर घेणं मंदावलं याला एआय हे एकच कारण नाही. २०२१-२२ मध्ये वारेमाप भरती झाली होती आणि नंतर परदेशातली कामं आटली, हे पण आहे.

मी मुलाखतीत एआय वापरू नको असं म्हणत नाही. पण बायोडाट्यावरच्या प्रोग्रॅममधली कुठलीही ओळ दाखवून 'ही का आहे' विचारतो. स्वतः लिहिली असो की एआयकडून घेतली असो, सांगता आलं पाहिजे. इथंच निम्मे गळतात. कागद संपल्यावर दुबार पावती होते हे कुठल्याही एआयनं घरबसल्या सांगितलं नसतं, त्यासाठी काट्यावर जागून अकरा नोंदी टिपणारा माणूस लागला.

---

अक्कलकोटरोड | बुधवार, रात्री ९:००

सगळं वाचलं. मी टॉवेलचा छोटा कारखाना चालवतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. आमच्याकडे माल वहीत लिहितात आणि मग एका एक्सेलमध्ये. महिन्याच्या शेवटी वही, एक्सेल आणि गोदाम यांचे तीन वेगळे आकडे येतात. दरवेळी दोन माणसं दोन दिवस मोजत बसतात. तयार सॉफ्टवेअर घेतलं होतं, कोणी वापरत नाही, कारण आमच्या पद्धतीनं चालत नाही.

पूर्वभागी, बेटा, तू ये. आधी चार दिवस नुसता गोदामात बस आणि बघ. जमेल वाटलं तर कर. महिन्याला आठ हजार देईन, आणि तू काय केलंस ते लेटरहेडवर खरं-खरं लिहून देईन. मोबाईल नंबर निरोपात पाठवतो.

---

गिरणीचा_भोंगा | बुधवार, रात्री ९:२५

मालक, फार बरं वाटलं वाचून.

---

पूर्वभागी | गुरुवार, रात्री ११:५५

सगळ्यांचे प्रतिसाद तीन-तीनदा वाचले. मंगळवेढेकर दादा, तुम्ही लिहिलंत म्हणून त्या माणसाला आजच 'नको' कळवलं, शुक्रवारची वाट बघितली नाही. आईला पण सगळं सांगितलं. ती विड्यांचा कट्टा बांधत होती. हात न थांबवता म्हणाली, मला विचारलं असतंस तर दिले असते, बरं झालं विचारलं नाहीस.

उद्या सकाळी टॉवेल कारखान्यात जातोय.

---

मंगळवेढेकर | शुक्रवार, सकाळी ६:५०

जा. आणि काटापावती यांच्यासारखी वही कर.

---

*(मधल्या काळात धागा पुण्यातल्या मेसकडे, कडक भाकरी किती दिवस टिकते याकडे आणि हुतात्मा एक्स्प्रेस बरी की वंदे भारत याकडे वळला होता. ते प्रतिसाद 'सोलापूरकर पुण्यात' या धाग्यावर हलवले आहेत. – संपादक)*

---

पूर्वभागी | तीन महिन्यांनी, रविवार, रात्री ८:१०

मंडळी, वर आणतोय धागा. बरंच सांगायचंय.

पहिले चार दिवस मालक म्हणाले तसा नुसता बसलो. तीन आकडे का येतात ते तिसऱ्या दिवशी दिसलं. मागावरून माल नगात मोजून येतो. पॅकिंगवाले डझनात बांधतात. गोदामाच्या वहीत काही ओळी डझनात, काही नगात, आणि कुठल्या कशात ते लिहिणाऱ्यालाच माहीत. '४०' लिहिलंय, ते चाळीस नग की चाळीस डझन? शिवाय डाग पडलेला, सेकंडचा माल बाजूला काढतात, त्यामुळं अकराच टॉवेलांचं बंडल पण 'एक डझन' म्हणून चढतं.

मी केलं ते एवढंच. आत सगळं फक्त नगात साठवायचं, दाखवताना डझन आणि सुटे नग असं दाखवायचं. सेकंडच्या मालाला वेगळा रकाना. आवक आणि जावक एकाच टेबलात, जावक वजा चिन्हानं, म्हणजे शिल्लक ही वेगळी लिहायची गोष्टच नाही, बेरीज केली की निघते. स्क्रीन मराठीत. गोदामातल्या अण्णांना तेलुगू बरं पडतं, म्हणून बटणांवर रंग दिले, आवक हिरवी, जावक लाल.

पहिल्या महिन्यात अण्णांनी वापरलंच नाही. कारण विचारलं तर म्हणाले, हात धुवून कीबोर्डला यावं लागतं. मग जुन्या मोबाईलवर चालेल असं केलं. मोबाईल खांबाला लटकवला. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी मोजणी झाली, आकडा सात नगांनी चुकला. मालकांनी सगळ्यांना चहा दिला. मला ते सात नग झोपू देईनात. नंतर सापडले, नमुन्यासाठी मुंबईच्या व्यापाऱ्याला दिले होते, नोंद नव्हती. आता नमुन्यालाही रकाना आहे.

आता मुलाखत. गेल्या मंगळवारी पुण्यात झाली. छोटी कंपनी आहे, गोदाम आणि वाहतुकीचं सॉफ्टवेअर करते. जागा ट्रेनी सपोर्ट इंजिनिअरची. दोघं होते समोर. एकानं एसक्यूएल विचारलं, लेफ्ट जॉइन आलाच, सातरस्ता दादा! दुसऱ्यांनी विचारलं, शिल्लक साठवत का नाहीस, दरवेळी बेरीज का? मी म्हटलं, साठवली तर वहीसारखं होईल, दोन आकडे आणि त्यांचं भांडण. मग ते म्हणाले, दहा लाख ओळी झाल्या तर बेरीज मंद होणार नाही का? मला उत्तर आलं नाही. तसं सांगितलं. त्यांनीच समजावलं, महिनाअखेरीची शिल्लक गोठवून ठेवायची आणि पुढची बेरीज तिथून करायची. मी तिथंच कागदावर काढून बघितलं.

अनुभव किती विचारलं तेव्हा 'तीन महिने, टॉवेलच्या कारखान्यात' म्हणालो. मालकांचं पत्र दाखवलं. एचआरनं त्यांना फोन केला. मालक गोदामातूनच बोलले, मागून मागांचा खडखडाट ऐकू येत होता म्हणे.

शुक्रवारी मेल आला. सहा महिने ट्रेनी, महिना १६ हजार, नंतर काम बघून कायम. पीएफ आहे, नेमणूकपत्र आहे, मूळ कागद मागितलेले नाहीत. तिन्ही बघितलं.

---

होटगीकर | रविवार, रात्री ८:१४

लई भारी बे!! घरी काय म्हणाले?

---

पूर्वभागी | रविवार, रात्री ८:२०

वडिलांनी पीएफ म्हणजे काय ते दोनदा विचारलं. त्यांचा कधी कापलाच गेला नव्हता.

---

कंबरतलाव | रविवार, रात्री ८:४०

मनापासून अभिनंदन. मी म्हणालो होतो खिडकी अरुंद आहे, तुला दार सापडलं. खिडकीचं मत मात्र बदललेलं नाही. माझ्या धाकट्या भावाला या वर्षीच एनक्यूटीला बसवलंय, आणि सुट्टीत आजोबांच्या किराणा दुकानाची उधारी पण मांडायला लावलीय.

---

शेंगाचटणी | रविवार, रात्री ९:००

१६ हजारांत पुणं कठीण जाईल, आधीच सांगते. एकटा खोली घेऊ नको, तिघांत घे. डिपॉझिट किती महिन्यांचं ते आधी विचार. ऑफिस कुठं आहे?

---

पूर्वभागी | रविवार, रात्री ९:०६

हडपसरच्या बाजूला. अक्का, तिकडं कोणी ओळखीचं आहे का खोलीसाठी?

---

काटापावती | रविवार, रात्री ९:१५

माझ्या खोलीत एक जागा आहे. आम्ही दोघं, दोघंही सोलापूरचे. भाडं साडेतीन हजार येईल, डिपॉझिट नंतर हळूहळू दे. रुजू कधी व्हायचंय?

---

पूर्वभागी | रविवार, रात्री ९:१८

पुढच्या सोमवारी. दादा, काय बोलू कळत नाही. रविवारच्या सकाळच्या हुतात्मानं येतो.

---

काटापावती | रविवार, रात्री ९:२१

ये. अंथरूण आणू नको, आहे. मालकांकडून दोन टॉवेल तेवढे घेऊन ये.

---

अक्कलकोटरोड | रविवार, रात्री १०:०२

दोन नाही, डझन देतो. आणि पूर्वभागी, जायच्या आधी अण्णांना ती जावक लाल करायची पद्धत एकदा परत दाखवून जा, ते बुधवारपासून विचारतायत. तुझ्या जागी आता कोणी ईसीएसचं मूल असेल तर त्यालाही पाठव, चादरीच्या विभागाची वही अजून तशीच आहे.

---

बीसीए_तिसरं_वर्ष | रविवार, रात्री १०:१०

काका, मी येऊ का? आसरा चौकात राहते. शनिवार-रविवार पूर्ण मोकळी असते.